कोणतं गाव, कोणता गट?

आमच्या बीबीत मुद्द्याचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. कोळपणीचा डवरा मागायला आलेला माणूस आधी पावसाचं विचारतो, मग सोयाबीन किती वर आलं ते, मग पुण्यातल्या पोराचं लग्न जमलं का ते. चहा होतो. तंबाखू मळून होते. तो उठतो, चपला पायात सरकवतो, फाटकापर्यंत जातो आणि तिथून मागं वळून म्हणतो, "बरं, तुमचा डवरा मोकळा असला तर..." तो डवऱ्यासाठीच आला होता हे चहाचं आधण ठेवतानाच घरात सगळ्यांना कळलेलं असतं. पण त्याने पहिल्याच वाक्यात डवरा मागितला असता, तर ‘काय माणूस आहे, टेकलासुद्धा नाही’ असं आम्हीच त्याच्यामागे बोललो असतो.

अशा गावात उभी हयात काढल्यावर मी एसक्यूएल शिकायला बसलो. संगणकात तक्त्यांच्या रूपाने ठेवलेल्या माहितीला प्रश्न विचारायची ही भाषा. तिच्यातला पहिलाच शब्द ‘सिलेक्ट’. म्हणजे काढून दे. राम राम नाही, पाऊसपाणी नाही. आणि विचारून झालं की शेवटी सेमिकोलन टाकायचा, म्हणजे आपलं बोलणं संपलं हे समोरच्याला कळतं. ही सोय आमच्या पारावर असती तर कितीतरी लोक वेळेवर जेवले असते.

शिकण्यामागे ज्ञानलालसा वगैरे नव्हती. पुतणी जालन्याला बीसीए करते. मुलाखतीत डेटाबेसवर हमखास विचारतात, आणि जे दुसऱ्याला समजावता येतं तेवढंच आपल्याला आलं, असं तिच्या सरांनी तिच्या डोक्यात भरवलेलं. दिवाळीच्या सुट्टीत ‘दुसरा’ म्हणून घरात रिकामा मीच सापडलो. पतसंस्थेत खातेवह्या लिहून निवृत्त झालेला माणूस मी, रकान्यांना भिणाऱ्यातला नव्हे. "आणि काका, डेटाबेस कधी पाहिला नाही असं म्हणू नका," तिने सुरुवातीलाच बजावलं, "तुमच्या खिशात आहे." मी सदऱ्याचा खिसा चाचपला. खरंच होता. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारी सगळी सुप्रभातं फोनमधल्या एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसमध्ये ओळीने जाऊन बसतात म्हणे. विचारलं तर सांगायला तयार असतात. विचारत कुणी नाही.

तिच्या पुस्तकात उदाहरणं कंपनीची होती. कर्मचारी, त्यांचे विभाग, त्यांचे पगार. परक्यांचे पगार मोजायला आमच्या घरात कुणालाच उत्साह नव्हता. शेवटी आमच्या मंडळींनी कपाटावरची कागदांची पिशवी काढून दिली. सातबारे, आठ-अ, फेरफाराच्या नकला, सोसायटीच्या पावत्या. पुतणीने त्यावरून तक्ते बनवले, संख्या वाढवायला पदरचे खोटे खातेदार घातले, आणि तिथून पुढे मला ही भाषा ओळखीची वाटू लागली.

हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं ते एडगर कॉड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात विमान चालवलेला गणिती, पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये. तोवर संगणकातली माहिती काढायची तर ती कशाला बांधून कुठे ठेवली आहे ती वाट प्रोग्रामरला ठाऊक असावी लागे. १९७० मध्ये कॉड यांनी निबंध लिहून सांगितलं की माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, सामाईक रकान्याने तक्ते जुळवा, आणि माणसाने काय हवं तेवढंच सांगावं. ते कुठून, कसं आणायचं हे यंत्राने पाहावं. चार वर्षांनी त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी असं मागणं मागायची भाषा मांडली. तिचं नाव ‘सीक्वेल’ होतं, पण ते विमानं बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने आधीच नोंदवलेलं निघालं, म्हणून एसक्यूएल झालं. ही भाषा प्रोग्रामर नसलेल्यांसाठी होती. हिशेबनीस, इंजिनिअर, नगररचनाकार अशी मंडळी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पटवारी त्यांना सुचला नाही. सुचायला हवा होता.

कारण पटवाऱ्याकडे (सरकारी कागदावर तो आधी तलाठी होता, आता ग्राम महसूल अधिकारी आहे, वऱ्हाडात तो पटवारीच) कॉडसाहेबांच्या कितीतरी आधीपासून तक्ते आहेत. एक ते एकवीस गाव नमुने. नमुना सहा म्हणजे फेरफारांची नोंदवही, सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तिच्यात पीक काय, आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एका जागी. प्रत्येक नमुन्याचं काम वेगळं, आणि एकातून दुसऱ्यात जायला नंबर: गट नंबर, खाते नंबर, फेरफार नंबर. आणि त्याच्या टेबलापुढे जे संभाषण होतं ते असं:

"सातबारा पाह्यजे होता."

"कोणतं गाव?"

"बीबीच की."

"कोणता गट?"

"तो नाही का, नाल्याकडचा."

शेतकऱ्याने काय हवं ते आधी सांगितलं. हा सिलेक्ट. पटवाऱ्याने तिकडे लक्षही न देता आधी गाव विचारलं, म्हणजे कोणत्या दप्तरातून, म्हणजे ‘फ्रॉम’. मग गट विचारला, म्हणजे त्यातली कोणती ओळ, म्हणजे ‘व्हेअर’. दप्तर उघडलं, ओळ सापडली, की मग कुठे सातबारा निघणार. एसक्यूएलचं नेमकं असंच आहे. ‘सिलेक्ट नाव फ्रॉम सात व्हेअर गट = ४२;’ असं आपण लिहितो, पण आत काम फ्रॉमपासून सुरू होतं, मग व्हेअर, आणि सिलेक्टची पाळी जवळजवळ शेवटी. लिहायचा क्रम गरजवंताचा, करायचा क्रम पटवाऱ्याचा. सिलेक्टमध्ये एखाद्या रकान्याला ठेवलेलं टोपणनाव बहुतेक डेटाबेसांत व्हेअरमध्ये चालत नाही, यावर पुतणीच्या वर्गातली निम्मी पोरं अडतात. मला ते लगेच पटलं. दप्तरच उघडलं नाही तिथे टोपणनाव कोण ओळखणार?

एक फरक मात्र आहे, आणि तो मला अजून सलतो. ‘नाल्याकडचा’ म्हटल्यावर जुन्या पटवाऱ्याला कळायचं. तो एकदा वर पाहायचा, बाप कोण ते विचारायचा आणि पान उलटायचा. यंत्राला नाला नाही. त्याला गट नंबर सांगा, नाहीतर ते कोरा तक्ता समोर ठेवतं आणि वर कळवतं की शून्य ओळी मिळाल्या. रागावतसुद्धा नाही. न रागावणाऱ्या कारकुनाशी कसं बोलावं हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही.

नावाच्या बाबतीत तर ते फारच काटेकोर. मेहकरहून सिंदखेडराजाकडे निघालं की सुलतानपूरच्या पुढे आमचं गाव लागतं. ते कुणी बीबी लिहितं, कुणी बिबी. आमचं त्यावाचून कधी अडलं नाही. पण ‘व्हेअर गाव = बीबी’ असं विचारलं की ऱ्हस्ववाले सगळे खातेदार गावाबाहेर. जिल्ह्याचं नाव घालून पाहावं तर तो बुलडाणा की बुलढाणा, यावर जिल्ह्यातच एकमत नाही. शिवाय चंद्रपूर जिल्ह्यात, कोरपना तालुक्यात आणखी एक बिबी आहे. तिथली माणसं आमच्या यादीत येऊन बसायची. म्हणून नावावर विसंबायचं नाही, नंबर द्यायचा, असं हे शास्त्र सांगतं. २०२० पासूनच्या नव्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी कोड असतो तो याचसाठी. माणसांचंही तेच. एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची, एकाच आडनावाची दोन माणसं कोणत्याही गावात निघतात. गाव त्यांना टेलर आणि रेडिओ म्हणून वेगळं काढतं, महसूल खातं खाते नंबराने. पुतणी याला प्रायमरी की म्हणते.

दोन तक्ते जोडणं, म्हणजे जॉईन, हा या शिक्षणातला दरारा वाटणारा भाग. तिने पाटी-पेन्सिल घेतल्यासारखी तयारी केली होती, एकात एक गेलेली वर्तुळंही काढून आणली होती. मी म्हटलं, "पोरी, थांब. सातबारा म्हणजे काय?" सातच्या नमुन्यात जमीन कुणाची आणि किती, हे वर्षानुवर्षं तेच राहतं. बाराच्या नमुन्यात पीक, ते दर हंगामाला नवं. एकाच वहीत लिहिलं असतं तर दर हंगामाला मालकाचं नाव पुन्हा पुन्हा लिहावं लागलं असतं आणि कधीतरी चुकलं असतं. म्हणून तक्ते दोन, जुळवायला गट नंबर, आणि जुळवून एका कागदावर उतरवलं की सात आणि बारा. महाराष्ट्रातला प्रत्येक शेतकरी जन्मभर जॉईन हातात घेऊन हिंडतो. सोसायटीत जॉईन, बँकेत जॉईन, पाहुण्याच्या जामिनाला जॉईन. पुतणीने ती वर्तुळं बाजूला ठेवली. मुलाखतीत हेच सांगेन म्हणाली. मुलाखत घेणारा पुण्यात वाढलेला असला तर त्याला आधी सातबारा समजावावा लागेल, तेवढा धोका आहे.

जोडताना कशावर जुळवायचं ते लिहिलं नाही तर मोठी गंमत होते. काही डेटाबेसांत ‘ऑन’ विसरलं की यंत्र प्रत्येक खातेदारापुढे प्रत्येक गट ठेवतं. शंभर खातेदार, दीडशे गट, पंधरा हजार ओळी. प्रत्येक शेत प्रत्येकाचं. १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून विनोबा पायी फिरत जे मागत होते, त्याच्या पार पुढचं काम इथे एक शब्द गाळल्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पुतणीने ते पुसून टाकलं. संगणकशास्त्रात याला चूक समजतात.

बेरजेचा किस्सा थोडक्यात सांगतो. वडिलांच्या जुन्या चिठ्ठीत दोन तुकडे १.२५ आणि १.२५ असे लिहिलेले. यंत्राने बेरीज दिली २.५०. वडिलांच्या लेखी ते एक एकर पंचवीस गुंठे होतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे बेरीज तीन एकर दहा गुंठे. तीस गुंठे हवेत. इतक्या जमिनीवरून आमच्याकडे दोन पिढ्या बोलत नाहीत. हेक्टर-आरच्या रकान्याने ही कटकट मिटवली, पण लोक तोंडाने अजून एकरातच बोलतात.

खरा अडलो तो ‘नल’पाशी. १५ ऑगस्ट २०२१ पासून पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची असते. शेतात उभं राहायचं, पीक निवडायचं, फोटो पाठवायचा. कुणी करतो, कुणाला रेंज मिळत नाही, कुणी उद्या करू म्हणतो. म्हणून आमच्या नमुन्याच्या तक्त्यातही पुतणीने काही गटांपुढचा पिकाचा रकाना मुद्दाम रिकामा सोडला होता. तिने विचारायला लावलं: सोयाबीन पेरलेले गट किती? आकडा आला. सोयाबीन न पेरलेले किती? तोही आला. आता बेरीज करा. बेरीज एकूण गटांपेक्षा कमी. पतसंस्थेत असतो तर रात्री दहापर्यंत कुणाला घरी जाऊ दिलं नसतं.

रिकामे रकाने दोन्ही याद्यांतून गळाले होते. ‘पडीक’ लिहिलं असतं तर ते उत्तर असतं. पेरलं नाही हे माहीत आहे. शून्य हेही उत्तर असतं. रिकाम्याचा अर्थ माहीतच नाही. आणि जे माहीत नाही ते सोयाबीन आहे का, याला ‘हो’ म्हणता येत नाही, ‘नाही’ही म्हणता येत नाही. एसक्यूएलमध्ये हो आणि नाही यांच्याशिवाय हे तिसरं उत्तर आहे. आमच्याकडे ते रोजच्या वापरात आहे. लग्नाला येता का विचारलं की लोक ‘पाहू’ म्हणतात. तो होकार नसतो, नकारही नसतो. फरक इतकाच की आमचा आचारी ‘पाहू’वाल्यांना धरून डाळ भिजवतो, आणि व्हेअर मात्र स्वच्छ ‘हो’ म्हणणाऱ्यालाच पंगतीत बसवतो. दोन रिकामे रकाने एकमेकांसारखे तरी आहेत का, तर तेही नाही. मेहुण्याचं वय माहीत नाही, व्याह्याचं वय माहीत नाही, म्हणून दोघे एका वयाचे थोडेच? त्यांना गाठायचं तर ‘इज नल’ असं वेगळं विचारावं लागतं. म्हणजे ज्यांनी काही सांगितलं नाही त्यांची आठवण ठेवून चौकशी करावी लागते. शेत जागेवर आहे, त्यात बहुधा सोयाबीनच आहे, मालक बांधावर बसला आहे, आणि तो दोन्ही याद्यांत नाही. उद्या असा अर्धवट प्रश्न विचारून कुणी मदतीची यादी काढली, तर त्याला कुणी नाकारलेलं नसेल. त्याच्याबद्दल कुणी विचारलेलंच नसेल. यावर पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही फार भावनिक होता, पुढे चला."

पुढे अपडेट आणि डिलीट. हे शिकवताना तिचा आवाज बदलला. व्हेअर न लावता अपडेट चालवलं तर सगळ्या ओळी बदलतात, सगळा गाव एकाच्या नावावर. असं आमच्याकडे पूर्वी संगणकाशिवायही व्हायचं, पण त्याला वेळ लागायचा. महसुलाच्या वहीत मात्र सहसा काही पुसत नाहीत. जुन्या मालकाचं नाव कंसात जातं, नवं खाली येतं, शेजारी फेरफाराचा नंबर. आजोबा कंसात, वडील कंसात, अशी आमची वंशावळ मी कंसांतूनच वाचली आहे. आणि बदलाआधी नमुना नऊची नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलं तर नोंद पक्की, नाहीतर रद्द. पुतणीच्या वहीत याला ट्रान्झॅक्शन म्हटलं होतं. पक्कं केलं तर कमिट, फिरवलं तर रोलबॅक. यंत्र हे क्षणात उरकतं. पंधरा दिवस कुणी कुणाला ‘तुमची काही हरकत?’ म्हणून विचारत नाही, एवढं त्यात मला कमी वाटलं.

शेवटचा धडा भाऊबीजेच्या दिवशी झाला. विषय होता, एका खान्यात एकच गोष्ट. कॉड यांचा हा पहिलाच नियम, आणि सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना तो राजरोस मोडतो. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, बैलगाडीची वाट, जे कुठे बसेना ते सगळं तिथे. अशा खिचडीतून नेमकं काढायला ‘लाइक’ वापरतात. पुतणीने नमुन्यादाखल ‘बाई’ शब्द असलेल्या ओळी मागवल्या. एक ओळ खोट्या खातेदाराची आली. दुसरी आमच्या खऱ्या सातबाऱ्यावरून उतरवलेली.

"आत्या, तू इथं काहून?"

लोणारहून आलेली माझी बहीण चष्मा लावून पुढे सरकली. वडील गेल्यावर वारस नोंद झाली तेव्हा आम्ही दोघे भाऊ मालकांच्या रकान्यात गेलो आणि बहीण इतर अधिकारात. तेव्हा गावोगाव असंच लिहीत. कायदा १९५६ चा होता, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये तो मुलींच्या बाजूने आणखी पक्का केला, पण आमच्या कागदावर ती सोसायटीचा बोजा आणि विहिरीचा हिस्सा यांच्या मधोमध होती तशीच राहिली.

"मंग इथून वर, तुमच्या दोघांच्या ओळीत जायला काय लागतं?" तिने विचारलं.

"अपडेट," पुतणी म्हणाली.

"फेरफार," मी म्हणालो. "अर्ज, मग नोटीस. पंधरा दिवस हरकतीला."

"हरकत घेणारं कोण असतं त्यात?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं, मी आमच्या मंडळींकडे. त्या करंज्यांचा डबा उघडण्यात गढल्या होत्या, मात्र कान इकडेच होते.

"पाहू," मी म्हणालो.

बहिणीने ताटातलं ओवाळणीचं पाकीट उचललं, त्यातली पाचशेची नोट काढली आणि पुतणीच्या हातावर ठेवली. "उद्या तहसीलला जाशील तेव्हा अर्जाचं तिकीट यातूनच आण," म्हणाली, "आणि उरलेले मला परत दे. ते माझे आहेत."